डाव्या पायाखालचं मॅट

काटेवाडीच्या हैबतरावांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक होती. त्यांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, आणि या गाडीला क्लचच नव्हता. सोयरीक जमावी तसं दोघांचं जमलं होतं.

पण मला विनोदाची खोड. चारचौघांत म्हणालो, "हैबतराव, शर्यतीची गाडी, अन् गिअर तीच टाकती! मग तुमी आत कशाला? पाव्हणं म्हणून?"

लोक हसले. हैबतरावही हसले. महिन्याभरात त्यांनी बादशाह मिस्त्रीकडून क्लच आणि हाताचा गिअर बसवून घेतला. क्लच दाबताना ते डाव्या हातानं गुडघा खाली रेटत.

त्र्याण्णवच्या गळीत हंगामात, भवानीनगरच्या वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली. एक हात गुडघ्यावर होता. उरलेल्या एका हातानं स्टिअरिंग वळलं नाही.

तेराव्यानंतर गाडी मीच घेतली आणि पुन्हा ऑटोमॅटिक करून घेतली. आमचं प्रायश्चित्तसुद्धा हौशी.

काल बादशाहनं तिसरं मॅट घातलं. आधीच्या दोन्हींना डाव्या टाचेखाली भोक पडलं होतं.

"आबा, डावा पाय कशापायी दाबताय? तितं आता काय बी न्हाय."

"मी तो सीटखाली दुमडून बसतो," मी म्हणालो.

परतताना त्याच वळणावर ट्रॉली आडवी आली. माझा पाय सीटखालीच दुमडलेला होता, तरी डावीकडचं कोरं मॅट टाचेएवढं खाली दबलं, आणि माझा डावा हात स्टिअरिंग सोडून गुडघ्याकडे निघाला.