काळ्या कोटाचा खिसा

भाड्याच्या काळ्या कोटाच्या खिशात हात घालताच दिगंबररावांच्या बोटांना कुणीतरी चघळलेलं च्युइंगगम चिकटलं.

"शी! लोकांचं उष्टं अंगावर घालून मी जावयाच्या मेजवानीला जायचं?" त्यांनी कोट दुकानदाराकडे भिरकावला. पण त्या मेजवानीत काळ्या कोटाशिवाय प्रवेशच नव्हता.

घरी च्युइंगगमची हकीकत ऐकून बायकोनं ट्रंकेतून त्यांचा, काळा रंग अशुभ म्हणणाऱ्या आईशी भांडून शिवलेला, लग्नातला काळा कोट काढला. डांबरगोळ्यांच्या वासानं दिगंबररावांची छाती फुगली. "याला म्हणतात स्वच्छ माणसाचा कोट!"

बायकोनं खिसा उलटा केला. रुमालात गुंडाळलेला, वाळून कोळसा झालेला अर्धा विडा खाली पडला.

"लग्नात माझ्या दातांतून तोडलेला विडा तो हाच ना?"

दिगंबरराव कॅलेंडर वाचू लागले.

"जा, भाड्याचाच घेऊन या," ती म्हणाली. "त्यात थुंकणारा निदान परका आहे."