सहा राख्या

रुग्णालयात तपासणीच्या रांगेतल्या बाकावर राहीला सुमेधची आई बसलेली दिसली. तिच्या मांडीवर वॉर्डातल्या मुलांना वाटायच्या केळ्यांची पिशवी होती.

सहा वर्षांपूर्वी राही आणि सुमेध शेजारशेजारच्या खाटांवर होते. दोघांच्याही मेंदूत एकाच प्रकारची, 'जर्म सेल' कर्करोगाची गाठ. "दहांतली नऊ मुलं बरी होतात," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा दोघांनी एकमेकांना टाळी दिली होती. तिनं त्याला भाऊ मानलं. दरवर्षी टपालानं राखी जायची, न चुकता त्याचं पत्र यायचं.

"मावशी, यंदाची राखी पोचली ना? कुठंय तो?"

मावशींचा हात पिशवीवरच थांबला. "आईनं अजून सांगितलं नाही तुला? पहिल्याच वर्षी गेला गं. राख्या मी फोटोला बांधते. तुझी आई पाया पडली, म्हणून त्याच्या नावानं पत्रं लिहीत राहिले. उपचार संपले की सांगते म्हणाली होती."

उपचार संपून चार वर्षं झाली होती. यंदाची राखी घेतानाही दुकानात आईनं विचारलं होतं, "त्याला निळी आवडते ना?"

तेवढ्यात आई रिपोर्ट घेऊन हसत आली. "सगळं छान आहे गं बाळा!"

राहीनं हात पुढे केला. "दे इकडे. मी वाचते."