चार शब्द जास्त

बाबा गेल्याच्या पाचव्या दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन सेनगावच्या आमच्या घरी आली. याच मुलीला वाचवताना बाबांच्या अंगावर वीज पडली होती. बाबा विज्ञानाचे शिक्षक. वीज उंच झाडाकडे का ओढली जाते, हे मुलांना कळावं म्हणून त्यांनी विज्ञानकथा लिहिली होती. तिच्यातली मुलगी कडुलिंबाच्या शेंड्याला तांब्याची तार बांधते आणि पडणारी वीज डब्यात भरून घरी नेते. ती कथा स्पर्धेत पहिली आली आणि शाळेच्या भिंतीवर लागली. परतीच्या पावसात गडगडू लागलं, तेव्हा ही पोरगी तार आणि डबा घेऊन शाळेच्या लिंबाखाली गेली. तिला ओढून काढायला बाबा धावले. "सरायनं सांगितलं व्हतं का गं तुला झाडाखाली जायला?" म्हणत बाईने माझ्यासमोरच तिच्या थोबाडीत मारली. "मंग गोष्टीत जाऊ नका म्हणून कुठं लिहेल हाय?" पोरगी हुंदके देत म्हणाली. मी बाबांच्या हातचा कागद आणून त्या दोघींपुढे धरला. कथेखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘मुलांनो, झाडाखाली जाऊ नका.’ स्पर्धेला कथा मीच उतरवून पाठवली होती. तिथे बरोबर शंभर शब्द हवे होते, आणि शेवटचा उपदेश मला खटकत होता. "हे चार शब्द मी खोडले," मी म्हणाले. बाईने कागद पाहिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ द्या ताई," ती म्हणाली, "तुमी काय मुद्दामून केलं का?"