ड्रॉइंगच्या बाईंचं मागचं चाक

शाळेतून रिटायर झाल्यावर ह्यांनी सायकलवरून अख्खा देश ओलांडायचं काढलं. जोडीला ह्यांच्याच शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई. मागून गाडी चालवायला, पाणी, केळी आणि मलमं सांभाळायला मी! बाराशे किलोमीटर मी नुसत्या दोघांच्या पाठी बघितल्या.

शेवटी एका पहाटे मी बाईंच्या मागच्या चाकाची हवा सोडली आणि व्हॉल्व्हचं टोपण पर्समध्ये टाकलं. म्हटलं, बसा आता गाडीत माझ्याबरोबर केळी सोलत!

तर हे म्हणाले, "तू हो पुढे. एवढी हवा भरून आम्ही आलोच."

पाच मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. दोघांचं हसू मला पुढच्या गावात ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी नव्या टोपणाचंही मी तेच केलं. पुन्हा दीड तास!

तिसऱ्या दिवशी मी शहाणी झाले, चाकाला बोटसुद्धा लावलं नाही. तरी सकाळी चाक बसलेलंच.

संध्याकाळी ह्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात व्हॉल्व्हचं टोपण.

चांगला जाब विचारणार होते हो, पण कुठल्या तोंडाने? तसलीच दोन माझ्या पर्समध्ये होती.