एकशे अठ्ठावीस

"किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. "मला कळत नाहीये, काका. गेल्या वर्षी सगळं ठीक होतं."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"इथे मोजलं की तुमचं बीपी एकशे ऐंशी. पण दवाखान्यात घाबरून चढतंच तुमचं, म्हणून मी घरच्या वहीवर भरवसा ठेवला. आणि वहीत बघावं तर एकशे अठ्ठावीस, एकशे तीस. एखाद्या विशीतल्या पोराने हेवा करावा." डॉक्टरबाईंनी वही मिटली. "म्हणजे कारण दुसरंच आहे. सुईने किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल."

"त्यात धोका असतो?" बायकोने विचारलं.

"बीपी चढलेलं असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. पण काकांचं घरी तर उत्तम आहे."

नवरा लॉन्ड्रीतला बॉयलर सांभाळायचा. दिवसभर दाबाच्या काट्यावर नजर. स्वतःच्या दंडावरचा पट्टा फुगायला लागला की मात्र गडी भिंतीकडे तोंड करायचा. "बॉयलरचं मी बघतो, माझं तू बघ." एकदा तिने खरं सांगितलं, एकशे बहात्तर. तो आठ दिवस अंथरुणातून उठला नाही. ना जेवण, ना बोलणं. पूर्वी एकदा असाच तीन महिने पडून होता, तेव्हा त्याला माणसांत आणताना तिच्या नाकी नऊ आले होते. नवव्या दिवशी पट्टा सोडता सोडता ती म्हणाली, "एकशे अठ्ठावीस." तो उठला. दाढी केली. शीळ घालत कामावर गेला.

तेव्हापासून वर्षभर ती तसंच सांगत आली, तसंच लिहीत आली. कामावर पोचला की चहानंतर तो बीपीची गोळी घेतो, या भरवशावर ती होती. गोळीने आकडा उतरेल हळूहळू. तोवर मन तरी शाबूत राहू दे.

"सुई नको," ती म्हणाली. "वहीतले आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत. खरं बीपी रोज एकशे सत्तरच्या वर असायचं."

नवरा शर्टाची बाही खाली करत होता. त्याचा हात तिथेच थांबला. तो ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"गोळ्या घेऊनही एवढं?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "अहो, मला कळलं असतं तर मी डोस वाढवला असता. काका, गोळी रोज घेत होता ना?"

तो बायकोकडेच बघत होता.

"ही रोज एकशे अठ्ठावीस सांगायची," तो म्हणाला. "मला वाटलं, बरा झालो. पहिल्याच महिन्यात गोळ्या सोडल्या."