भाईदासने न वाचलेली कादंबरी

भाईदासच्या लाडक्या लेखकाने एक कादंबरी आयुष्यभर ट्रंकेत कुलूपबंद ठेवली होती, "ही छापू नका" असं घरच्यांना बजावून. तो वारला आणि प्रकाशकाने ती बाजारात आणली. सन बासष्टमध्ये नुकताच बी.एस्सी. झालेल्या भाईदासने ती धुळ्यात विकत घेतली खरी, पण एसटी त्याच्या गावी, कोरीटला पोहोचेपर्यंत त्याचं मन खाऊ लागलं. लेखकाचा शब्द मोडायचा नाही, एक ओळही वाचायची नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

पण त्याच्या आईला, दगूबाईला, अक्षरओळख नव्हती. त्या लेखकाची प्रत्येक कादंबरी तिने लेकाच्या तोंडून अहिराणीत ऐकली होती. ती कुठली सोडते!

"तो तर गया बिचारा," ती म्हणाली. "आते मी बी जासू, मंग वाचशी का?"

दुपारी ओट्यावर शेजारच्या बायका जमल्या. भाईदासने पुस्तक उघडलं, त्याकडे न बघता मनानेच गोष्ट रचायला घेतली आणि सुटलाच. नायिका तापीकाठच्या केळीत भेटली, लाजली, रुसली, पुरात वाहून जाता जाता नायकाच्या मिठीत सापडली. बायका खिदळत होत्या आणि भाईदासला पान उलटायचंही भान नव्हतं.

"कशी वाटनी माय, कादंबरी?" पुस्तक मिटून त्याने ऐटीत विचारलं.

दगूबाईने पदराआड हसू दाबलं.



"ब्येस शे. पन भाऊ, हाई लिखनारानं औंदा लगन करी टाकुत."