नव्वद किलो कमी

तिसऱ्यांदाही विमान टेकलं नाही. कुंपणाच्या तारा खालून सरकल्या, गवताची धावपट्टी सुरू झाली, तिनं दांडा हळूच पोटाशी ओढला, आणि विमान जमिनीपासून हातभर उंचीवर आपलं तरंगतच राहिलं. खाली यायचं नाव घेईना. पट्टीच्या टोकाची झाडं भराभर मोठी व्हायला लागली तशी तिनं इंजिनाची मूठ पुढे लोटली आणि शेंड्यांवरून कशीबशी वर निघाली.

याच आखूड पट्टीवर ती शंभरदा तरी उतरली असेल. पण तेव्हा शेजारी दादा असायचा. दोघा भावाबहिणींनी सहा वर्षं पट्टीलगतच्या शेडमध्ये खपून हे दोन माणसांचं विमान बांधलं होतं. दांडा तिच्या हातात, आणि दादा शेजारी मांड ठोकून वेगाचा काटा मोठ्यानं वाचणार, "सत्तर... पासष्ट... साठ. आता साठच धर." दादाला जाऊन तीन महिने झाले होते. आज ती पहिल्यांदाच एकटी वर आली होती.

"ताई," वायरलेसवर मिस्त्रींचा आवाज आला. विमानाचं इंजिन तेच बघायचे, आणि आत्ता पट्टीच्या कडेला उभे होते. "वेग किती धरला होता?"

"साठ."

"सकाळपासून घसा फोडून सांगतोय, विमान हलकं झालंय. हलकं विमान साठनं आलं की तरंगणारच. पंचावन्ननं या."

"दादानं साठ ठरवलाय."

"तो दोघांसाठी ठरवला होता, ताई."

सकाळी मिस्त्री म्हणाले होते, शेजारच्या सीटवर वाळूची पोती बांधू, म्हणजे वजन पूर्वीइतकं होईल आणि साठचा आकडाही तोच राहील. त्यावर ती कडाडली होती, "दादाच्या जागी वाळू बसवू?" म्हणजे वाळूही नको आणि पंचावन्नही नको. हट्टाला औषध नसतं. मिस्त्रींनी मुकाट्यानं रिकाम्या सीटचा पट्टा आवळून ठेवला होता, दांड्यात अडकू नये म्हणून.

"विमान माझ्या हातानं उतरत नाही रे, तुझ्या पोटानं उतरतं," असं ती दादाला चिडवायची. नव्वद किलोचा दादा गदागदा हसायचा आणि त्याच्याबरोबर अख्खं विमान हलायचं. चेष्टा खरी निघाली होती. तिला एकदम फार एकटं वाटलं. खाली मिस्त्री होते, शेड होती, पण इथे वर बोलायला कुणी नव्हतं.

"वारा वाढतोय, ताई. आता एकच खेप. नाही जमलं तर सरळ मोठ्या विमानतळावर जा."

तिथली पट्टी चांगली लांबलचक होती, साठनं उतरलं तरी खपून गेलं असतं. पण तिथे उतरायचं म्हणजे विमान तिथेच सोडायचं आणि ते विकत घ्यायला कधीपासून मागे लागलेल्या एका डॉक्टरांना देऊन टाकायचं, हे तिनं कालच कबूल केलं होतं. शेडपाशी उतरता येत नसेल तर विमान शेडमध्ये ठेवणार तरी कसं?

ती शेवटचं वळण घेऊन पट्टीच्या रेषेत आली. सत्तर. पासष्ट. काटा साठवर आला तशी ती सवयीनं थांबली, कान देऊन. कुणी काही म्हणालं नाही.

मग तिनं विमानाचं नाक आणखी जरासं वर धरलं.

"एकोणसाठ," ती स्वतःच मोठ्यानं म्हणाली. आवाज चिरका निघाला. "अठ्ठावन्न. सत्तावन्न." दांडा हातात ढिला लागायला लागला. इतका ढिला दांडा तिनं कधी धरला नव्हता. "पंचावन्न. आता धर."

तारा मागे गेल्या. तिनं मूठ मागे ओढली. विमान दमल्या माणसासारखं खाली बसलं. एकदाच धप्प झालं, चाकांखाली गवत खरखरलं, तिनं ब्रेक दाबले, आणि ते उभं राहिलं.

मिस्त्री धापा टाकत धावत आले. त्यांनी बाहेरूनच दार उघडलं. "ताई! निम्मी पट्टी शिल्लक आहे! निम्मी! दादा असताना कधी एवढ्यात थांबल्या नव्हतात!"

तिनं इंजिन बंद केलं. समोर झाडांपर्यंत नुसतं मोकळं गवत पसरलं होतं. ती त्याच्याकडे बघत बसली, उतरली नाही.

मिस्त्री चपापले. "काय झालं? चांगल्या उतरलात की."

"हो," ती म्हणाली. "एकट्या माणसाला किती कमी जागा लागते हो, मिस्त्री."